वाडा पाडायचा की जपायचा, त्याआधी छप्पर

पत्राचा सारांश : पुण्यात नारायण पेठेत आमचा पणजोबांच्या वेळचा एकचौकी, दुमजली वाडा आहे. वडील ७८ वर्षांचे, ते तिथेच राहतात. मी लग्नानंतर कोथरूडला. वाटणी झालेली नाही, निम्मा हिस्सा चुलतभावाचा. तीन भाडेकरू आहेत, भाडं नावापुरतं. वाडा महापालिकेच्या हेरिटेज यादीत ग्रेड तीनमध्ये आहे. मागच्या पावसाळ्याआधी धोकादायक इमारत म्हणून नोटीस लागली. माडीवर दोन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात. भावाने बिल्डर शोधलाय. त्याचं म्हणणं, आधी यादीतून नाव काढून घेऊ, नाहीच जमलं तर दोन-तीन पावसाळे कशालाही हात लावायचा नाही, वाडा आपोआप बसेल आणि हेरिटेजही संपेल. वडील म्हणतात, मी आहे तोवर नाही. भावाचं आणि माझं बोलणं बंद झालंय. घर आमचं आणि रंग द्यायलाही महापालिकेला विचारायचं, हा कुठला न्याय? आणि वाडा राहावा असा हट्ट धरून मी सगळ्यांचंच नुकसान करते आहे का?

ताई, तुमच्या पत्रात बादल्यांचा उल्लेख एकाच ओळीत येऊन जातो. मला मात्र तिथूनच सुरुवात करायची आहे. वाड्याचं काय करायचं हे तुमच्या घरात अजून कुणीच ठरवलेलं नाही असं तुम्हाला वाटतंय. पण ते ठरत चाललंय, आणि ठरवतंय वरून येणारं पाणी.

वाडा कसा पडतो हे मी जवळून पाहिलंय. आधी एक कौल सरकतं. त्या फटीतून पाणी वाशावर येतं, वाशावरून ओघळत भिंतीत जातं. भिंतीत तुळईचं टोक रोवलेलं असतं. तुळईचा खोलीत दिसणारा भाग वाऱ्यावर सुकतो, पण हातभर टोक भिंतीच्या आत असतं त्याला ना वारा ना ऊन. ते कुजायला लागतं आणि कुजलेल्या लाकडाकडे वाळवी आपणहून येते. खाली उभं राहून पाहिलं तर तुळई ठणठणीत, वर्षानुवर्षांच्या तेलकटपणाने काळी चकचकीत. लाकडी हातोडीने मधोमध ठोकलं तर खणखणीत वाजते. तीच हातोडी भिंतीलगत आणा, आवाज बद्द येतो. नारायण पेठेतल्या वाड्यांच्या वरच्या भिंती बऱ्याचदा पांढऱ्या मातीच्या असतात, आणि मातीला पाण्याची सवय नसते. ज्या दिवशी तुळईचं टोक सुटतं त्या दिवशी अख्खा खण, म्हणजे दोन तुळयांमधला भाग, खाली येतो. लोक म्हणतात, वाडा अचानक पडला. अचानक काहीही झालेलं नसतं.

आमच्या घरीही असंच झालं होतं. मी शाळेत असताना चौकाकडच्या भिंतीला ओल यायची. एका मिस्त्रीने सांगितलं, सिमेंटचा गिलावा मारा, शंभर वर्षं बघायला नको. वडिलांनी पैसे जमवून करून घेतला. भिंत तीन पावसाळे छान गुळगुळीत दिसली. चौथ्या वर्षी मधोमध पोट आलं आणि एका रात्री गिलाव्याची मोठी खपली सुटून पडली. आतली माती ओल्या पिठासारखी हाताला लागत होती. चुन्याच्या गिलाव्याची भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंटने ती ओल आत कोंडून ठेवली होती. तो मिस्त्री वाईट माणूस नव्हता, त्याला वाड्याचं काम माहीत नव्हतं. तुम्ही कुणालाही काम द्याल तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवा.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की पाडायचं की जपायचं हा वाद जूनपर्यंत बाजूला ठेवा आणि छपराची शाकारणी करून घ्या. फुटकी कौलं बदला, पन्हळी साफ करा, जिथे बादल्या लागतात त्याच्या खालच्या तुळईला धिरा, म्हणजे टेकू द्या. कौलं काढून पुन्हा बसवणं, तशीच्या तशी, हे वाड्याच्या कामांतलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाचं काम आहे. उद्या तुम्ही वाडा विकायचं ठरवलं तरी हे पैसे वाया जात नाहीत, कारण खाली तुमचे वडील आणि तीन कुटुंबं झोपतात. यादीतला वाडा असल्यामुळे काम सुरू करण्याआधी महापालिकेच्या हेरिटेज सेलकडे अर्ज द्या. सोबत गळतीचे फोटो आणि नोटिशीची प्रत जोडा आणि पोच घ्या. तातडीचा टेकू देताना लेखी कळवून ठेवलं म्हणजे पुढे कुणी बोट दाखवत नाही.

आता ती नोटीस. ‘धोकादायक’ हा शब्द वाचला की घरात सगळ्यांचा धीर सुटतो, आणि बिल्डर नेमका त्याच आठवड्यात येतो. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची नोटीस म्हणजे दरवेळी पाडण्याचा हुकूम नसतो. दुरुस्त करा, सुरक्षित करा असंही त्यात सांगितलेलं असू शकतं. नोटीस पुन्हा एकदा शांतपणे वाचा. इमारतींची वर्गवारी साधारण अशी असते : सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. तुमचा वाडा यांतल्या कशात बसतो हे नुसतं बाहेरून पाहून कुणी सांगू शकत नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी लागते, आणि ते कुणाकडून करून घेता यावर सगळं अवलंबून असतं. ज्या इंजिनिअरने आयुष्यभर फक्त काँक्रीटचे खांब तपासले, त्याला कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं छत) दिसला की तो ‘आयुष्य संपलं’ असं लिहून मोकळा होतो. लाकूड, माती आणि चुना कळणारा इंजिनिअर प्रत्येक तुळईचं टोक उघडून पाहील. कुजलेलं टोक कापून तिथे खाचा मारून नव्या सागाचा तुकडा जोडता येतो आणि वरून पोलादी पट्ट्या बोल्टने आवळता येतात. अख्खी तुळई बदलावी लागतेच असं नाही. असा माणूस सापडत नसेल तर इन्टॅकच्या पुणे शाखेकडे विचारा. १९८४ पासून देशभर वारसा जतनाचं काम करणारी ही संस्था आहे आणि पुण्यातल्या जतन करणाऱ्या वास्तुविशारदांशी तिचा संबंध आहे.

नोटीस तुमच्या भावाच्या हातात शस्त्रासारखी आहे आणि हेरिटेज यादी तुमच्या हातात ढालीसारखी. दोघांनीही हे कागद एकमेकांवर रोखलेत, एकत्र बसून वाचलेले नाहीत, असं पत्रावरून मला वाटतं. यादीत नाव लागलं म्हणजे घर सरकारजमा झालं असा समज पेठांमध्ये पक्का बसलाय. तुमच्याही पत्रात तो आहे, फक्त सौम्य शब्दांत. नियम तसं म्हणत नाही. आपल्याकडे हे नियम मुंबईत १९९५ साली आले. देशातल्या कुठल्याही शहरातले ते पहिले असे नियम. आता पुण्यासह राज्याच्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा इमारतींचा भाग त्याच धर्तीवर आहे. ग्रेड एक म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक मोलाची वास्तू, तिथे अगदीच गरज पडल्याशिवाय हात लावायचा नाही. ग्रेड दोनमध्ये आतले बदल आणि नवा वापर याला वाव आहे. तुमचा ग्रेड तीन हा रस्त्याच्या, आळीच्या, परिसराच्या चेहऱ्यासाठी असतो. आतली फेररचना, नवा वापर, इतकंच काय, मूळ वास्तूशी जुळेल अशा बेताने त्याच आवारात जोडबांधकामसुद्धा त्यात करता येतं. दुसरा काही इलाजच उरला नसेल तर पुनर्बांधणीचाही विचार होऊ शकतो. वाडा विकायला यादी आड येत नाही, मालक बदलू शकतो, वापरही बदलू शकतो. तुमच्या भावाला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही, आणि बिल्डर तर ते सांगणारच नाही.

रंगाबद्दलची तुमची तक्रार मात्र खरी आहे. यादीतल्या इमारतीला रंग देणं, गिलावा करणं, एखादी महिरप किंवा खिडकी बदलणं, यासाठीही आयुक्तांची आधी लेखी परवानगी लागते आणि आयुक्त ती हेरिटेज समितीचा सल्ला घेऊन देतात. ऐकायला जाच वाटतो. पण माझ्या लहानपणीचा सिमेंटचा गिलावा आठवला की मला वाटतं, त्या वेळी कुणीतरी परवानगीच्या निमित्ताने आम्हाला अडवून ‘चुना वापरा’ असं सांगायला हवं होतं. परवानगी मागायला जाणं म्हणजे फुकटचा तज्ज्ञ सल्ला मागायला जाणं, असं समजून एकदा जाऊन बघा.

तरीही न्यायाचा प्रश्न उरतोच, आणि तो मी टाळणार नाही. तुमच्या दिंडीदरवाज्याचा फोटो काढायला रविवारी सकाळी अख्खं शहर येतं आणि वाळवीचं औषध मात्र तुमच्या वडिलांच्या पेन्शनमधून येतं. हे बरोबर नाही. जे सगळ्यांचं म्हणून जपायचं, त्याचा भार एकाच घरावर टाकता येत नाही. गंमत म्हणून नव्हे, मनापासून सांगते की नियम लिहिणाऱ्यांनाही हे कळलं होतं. म्हणून त्याच नियमांत तीन सोयी आहेत, आणि मालकांपैकी फारच थोडे त्या मागायला जातात.

एक म्हणजे टीडीआर, अर्थात हस्तांतर करता येणारे विकासहक्क. वारसा जपण्यापोटी जेवढं बांधकाम तुम्हाला करता येत नाही, तेवढे विकासहक्क प्रमाणपत्राच्या रूपाने मिळण्याची तरतूद आहे. ते दुसऱ्या बांधकामासाठी विकता येतात. यात वेळ जातो, अटी असतात, आणि तुमच्या प्लॉटला किती मिळेल हे तुमच्या कागदांवरूनच ठरेल. पण बिल्डरचा आकडा समोर ठेवताना हा आकडा शेजारी नसेल तर तुलना अर्धीच होते. दुसरी सोय वापराची. मालकाने वाडा नीट राखण्याची हमी दिली तर राहत्या भागाचं रूपांतर कार्यालय, दुकान किंवा हॉटेल अशा वापरात करण्याची मुभा समितीच्या मंजुरीने मिळू शकते. राखला नाही तर ती काढूनही घेतात. तिसरी सोय दुरुस्ती निधीची : आयुक्तांच्या हाती स्वतंत्र निधी ठेवून त्यातून यादीतल्या इमारतींना मदत द्यावी, असं नियमात म्हटलंय. ‘करता येईल’ अशा भाषेतली ही तरतूद आहे, त्यामुळे कुणी मागितल्याशिवाय ती हलत नाही. तुम्ही अर्ज करा. नुसता तुमचा नको, तुमच्या आळीत यादीतली जी घरं आहेत त्या सगळ्यांच्या सह्या घ्या. एका वाड्याचा अर्ज फायलीत जातो, दहा वाड्यांचा अर्ज नगरसेवक हातात घेऊन येतो.

वापर बदलला की वाड्याचं वाड्यपण जातं असं तुमच्या वडिलांना वाटत असेल, तर त्यांना विश्रामबागवाड्याची आठवण करून द्या. तुमच्यापासून फार लांब नाही तो. दुसऱ्या बाजीरावाने राहायला बांधला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे पालिकेची कचेरीही काही काळ तिथे होती, पोस्ट आलं. दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे खांब आणि वरची सज्जाची नक्षी आपण आज पाहतो, ती दरवेळी कुणाला तरी त्या वाड्याचा उपयोग होता म्हणून. नुसतं बंद करून ठेवलेलं लाकूड टिकत नाही. त्यात माणसं वावरली पाहिजेत, खिडक्या उघडल्या गेल्या पाहिजेत.

आता भावाचा बेत : हात लावायचा नाही, आपोआप पडू द्यायचं. यावर मी स्पष्ट बोलते, कारण हे फक्त तुमच्याच घरात चाललेलं नाही. नियमावलीत अशा वागण्याचा विचार केलेला आहे. जाणूनबुजून दुर्लक्ष करून वारसा इमारत पडू दिली किंवा परवानगीशिवाय पाडली, तर दंडाची कारवाई तर होतेच, शिवाय त्या जागेवर नव्या इमारतीला परवानगी नाकारता येते. समितीने पुन्हा बांधायला परवानगी दिली तरी मूळ बांधकामाइतकंच क्षेत्रफळ, तीच उंची, तीच धाटणी. म्हणजे ज्या जादा मजल्यांसाठी पडण्याची वाट पाहायची, तेच हातचे जाऊ शकतात. आणि हे झालं कागदाचं. पडताना खाली कोण असेल? भाडेकरूंच्या घरात मुलं आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे घर दुरुस्त राखण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि मालक दोघं आहेत, तुमचे वडील आणि तुमचा भाऊ. काही विपरीत घडलं तर पोलीस दोघांच्याही दारात येतील.

वाट पाहण्याचं आणखी एक उदाहरण बुधवार पेठेत आहे. भिडे वाड्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. त्या वाड्याचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन डिसेंबर २०२३ मध्ये जागा महापालिकेकडे आली, तेव्हा वास्तू इतकी खिळखिळी झालेली होती की ती उतरवून तिथे नव्याने स्मारक करायचं काम हाती घ्यावं लागलं. देशाच्या दृष्टीने इतक्या मोलाच्या घराचं हे झालं. भांडण लांबलं की लाकूड थांबत नाही.

यादीतून नाव काढण्याचा मार्ग कायद्याने बंद नाही, हेही खरं. पण तो भाऊ समजतो तितका सोपा नाही. यादीत बदल करायचा तर लोकांकडून हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि निर्णय शासनाच्या पातळीवर होतो. तुमच्याच आळीतला कुणी हरकत घेऊ शकतो. आणि तुमच्या वडिलांची सही नसेल तर सहमालकाचा विरोध पहिल्याच सुनावणीत समोर येईल. तीन-चार पावसाळे त्यात सहज जातील, आणि तेवढ्यात पाणी आपलं काम करेल.

तुमच्या भावाबद्दल थोडं. तुम्ही त्याला पत्रात ‘व्यवहारी’ म्हटलंय आणि तो शब्द ठपक्यासारखा आलाय. त्याच पत्रात तुम्ही लिहिता की तो धायरीला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि मुलीच्या इंजिनिअरिंगचा खर्च त्याला झेपत नाही. त्याच्या नावावर पेठेत मोक्याची जागा आहे आणि त्यातून त्याला महिन्याला एक रुपयाही दिसत नाही. हे जगणं कडू आहे. वाडा म्हणजे तुमच्यासाठी दिवाळीतली ओसरी आणि वडिलांचं देवघर. त्याच्यासाठी कदाचित घरपट्टीची पावती. तुम्ही हट्टी आहात असं मला वाटत नाही, पण तुमच्या भावनेचा खर्च आजवर त्याने निम्मा उचललाय, हे तुम्ही एकदा त्याच्यासमोर कबूल करावं असं वाटतं. बोलणं तिथून सुरू होईल. वाड्याचं नाव पहिल्या भेटीत काढूही नका. मुलीच्या कॉलेजचं विचारा.

दुसऱ्या भेटीत कागद काढा. बिल्डरने तोंडी काय सांगितलंय ते दोघं मिळून त्याच्याकडून लेखी मागा : तीन भाडेकरूंना जागा दिल्यावर आपल्या वाट्याला किती चौरस फूट? आळीच्या रुंदीप्रमाणे आणि सोडाव्या लागणाऱ्या मोकळ्या जागांप्रमाणे खरंच किती मजले होतात? वाड्यावर रस्तारुंदीची रेषा आहे का? हेरिटेज परवानगी मिळेपर्यंत भाडं कोण देणार? काम अर्धवट राहिलं तर काय? पेठेतल्या लहान प्लॉटवर या प्रश्नांची उत्तरं ऐकून अनेक भाऊ थोडे शांत होतात. उत्तरं चांगली आली तर तुम्हालाही शांतपणे विचार करावा लागेल, त्याची तयारी ठेवा.

तोवर तुम्ही स्वतः सरकारी कचेऱ्यांची एक फेरी मारा. सिटी सर्व्हे कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, तिच्यावर आज कुणाकुणाची नावं आहेत बघा. पणजोबांचंच नाव असेल तर वारस नोंदीचं काम आधी. बांधकाम विभागाकडून विकास आराखड्याचा अभिप्राय घ्या, म्हणजे रस्त्याची रेषा आणि आरक्षण कळेल. हेरिटेज सेलमध्ये तुमच्या वाड्याची नोंद पाहायला मागा. यादी करताना त्यांनी नेमकं काय महत्त्वाचं मानलं, दर्शनी भाग की चौक की लाकूडकाम, हे त्यात असायला हवं, आणि त्यावरच पुढची प्रत्येक परवानगी ठरते. तोंडी मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. भाडेकरूंच्या खोल्यांची मापं घेऊन त्यांच्या सह्यांसह कागद करून ठेवा. त्यांची सगळ्यांत मोठी भीती हीच असते, की दुरुस्तीच्या नावाखाली बाहेर काढतील आणि परत घेणार नाहीत. ती भीती गेली की तेच लोक कौलं उतरवायला हात लावतात. आमच्या वाड्यात तसंच झालं होतं.

माझा कल विचाराल, तर सांगते. दर्शनी भाग आणि चौक राखायचा, मागच्या पडवीच्या बाजूला परवानगीने आजच्या सोयीचं थोडं बांधकाम करायचं, रस्त्याकडची खालची बाजू चांगल्या भाड्याने द्यायची, एखादी कचेरी, अभ्यासिका किंवा साड्यांचं दुकान, आणि त्या भाड्यातला भावाचा वाटा आधी काढायचा. त्याला एकरकमी पैसे हवे असतील आणि तुमची ऐपत असेल, तर त्याचा हिस्सा बाजारभावाने विकत घ्यायची तयारी दाखवा. नसेल तर वाड्याची कदर असणारं गिऱ्हाईक शोधा, तशी माणसं आहेत. हे काहीच जुळलं नाही आणि ऑडिटमध्ये वाडा सी-१ निघाला, तर पुनर्बांधणीचा अर्ज सरळ दारातून करा. खांब, हस्त (खांबावरचे लाकडी आधार), दिंडी जपून काढून नव्या कामात वापरायची अट करारात घाला. मला ते आवडणार नाही. पण कुणाच्या अंगावर घर पडण्यापेक्षा ते बरं.

या सदरात हाच प्रश्न घेऊन येणारे वाचक पुण्यात इतरत्र आणि पुण्याबाहेरही आहेत, त्यांच्यासाठी थोडं. शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर अशा केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत घर असेल तर महापालिकेची परवानगी पुरत नाही. तिथे नवीन बांधकामाला बंदी आहे आणि दुरुस्तीलाही केंद्राच्या यंत्रणेची परवानगी लागते, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधकाम त्यांच्या नियमाखाली येतं. मुंबईत खोताची वाडी किंवा माथारपाखाडीसारख्या वस्तीत राहणाऱ्यांचा संबंध मुंबई हेरिटेज समितीशी येतो, आणि उपकर भरणाऱ्या जुन्या चाळींच्या दुरुस्तीसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. नागपूरलाही हेरिटेज समिती आहे. पणजीत फोंतेन्यासमधल्या मराठी वाचकांनाही परवानगीचा हा जाच ओळखीचा असेल. आणि तुमच्या गावाच्या नगरपरिषदेकडे वारसा यादीच नसेल, तर मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज करून ती करायला सांगा, सोबत पाच घरांचे फोटो आणि त्यांची माहिती जोडून द्या. कोऱ्या कागदावर यादी करायला कुणी बसत नाही.

ताई, तुम्ही विचारलंत, मी सगळ्यांचं नुकसान करते आहे का. नाही. पण मधल्या काळात कुणीच काही न केल्याने नुकसान होतंय, आणि त्यात तुमचाही वाटा आहे. तो भरून काढायला मार्च ते मे हे तीन महिने पुरतात.

शाकारणीला माणसं येतील त्या दिवशी वडिलांना चौकात तुळशीपाशी खुर्ची टाकून बसवा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी आलं तेव्हा ते शाळकरी असतील. नदीकडची भिंत त्या पुरात गेली होती की राहिली, नंतर ती विटांत कुणी बांधली, कुठल्या खणाची तुळई कधी बदलली, आडाचं तोंड कुठे बुजवलंय, हे त्यांच्याखेरीज आता कुणालाच माहीत नसणार. इंजिनिअरला ते लागेल. वही घेऊन त्यांच्या शेजारी बसा, आणि भावालाही त्या दिवशी बोलवा.